वार्धक्यातील शिथिल वर्त्म आणि शस्त्रकर्म : वैद्य व औषधविक्रेत्यांनी काय जाणावे

"डोळ्यांवर कातडं आलं आहे, यावर काही तेल-मलम द्या," अशी मागणी घेऊन येणारे रुग्ण अलीकडे आपणा सर्वांच्याच चिकित्सालयांत दिसू लागले आहेत. पूर्वी ही तक्रार मोठ्या शहरांपुरती असे. आज तेल्हारा, अकोट, हिवरखेड अशा गावांतूनही ती ऐकू येते. कोणाला वरच्या पापणीच्या सैल त्वचेमुळे वाचताना भुवया उंच कराव्या लागतात, तर कोणाला डोळ्यांखालच्या पिशव्यांमुळे आपण सदैव थकलेले दिसतो असे वाटते. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत असल्यास "तिकडे याचे ऑपरेशन होते" ही माहितीही रुग्ण सोबत आणतो आणि आपला सल्ला विचारतो. असा सल्ला देण्यासाठी या शस्त्रकर्माचे स्वरूप, त्याचे लाभ, धोके आणि मुख्य म्हणजे कोणत्या रुग्णास ते लागूच पडत नाही, हे आपणास ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

शास्त्रातील वर्त्मविचार

सुश्रुताचार्यांनी नेत्राची पाच मंडले सांगितली आहेत: पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. पक्ष्म म्हणजे पापणीचे केस आणि वर्त्म म्हणजे प्रत्यक्ष पापणी. मराठीत 'पापणी' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो. म्हणून रुग्ण "पापणी दुखते" म्हणाला तर त्याला नेमके काय म्हणावयाचे आहे ते बोट लावून दाखवावयास सांगावे. सुश्रुताने एकूण ७६ नेत्ररोगांपैकी २१ वर्त्मगत रोग वर्णिले आहेत, तर वाग्भटाने ९४ पैकी २४. एवढ्या लहानशा अवयवाचा इतका सूक्ष्म विचार आपल्या शास्त्रात झालेला आहे.

वयोमानाने येणारी शिथिलता हा मात्र या गणनेतील स्वतंत्र रोग नाही. जरा ही सुश्रुताने स्वभावबलप्रवृत्त व्याधींत घेतली असून तिचे कालकृत आणि अकालकृत असे दोन प्रकार मानले आहेत. योग्य काळी, शरीराचे रक्षण करीत असतानाही येणारी ती कालकृत. रक्षण न केल्यामुळे वेळेआधी येणारी ती अकालकृत. शिथिल वर्त्माच्या बाबतीत हा भेद आजही उपयुक्त ठरतो. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या वऱ्हाडच्या उन्हात जन्मभर कपाशीचे शेत सांभाळणाऱ्या माणसाची त्वचा लवकर सैल होते. सततचे डोळे चोळणे, विडी-सिगारेट आणि जुनाट कंड यांचाही त्यास हातभार लागतो.

पक्ष्मकोपाचे शस्त्रकर्म: एक विलक्षण साम्य

उत्तरतंत्राच्या सोळाव्या अध्यायात पक्ष्मकोपाची चिकित्सा आली आहे. पापणीचे केस आत वळून डोळ्यास घासू लागतात, तो हा विकार. सुश्रुताने तो याप्य मानून त्यावर जे शस्त्रकर्म सांगितले आहे, ते आज पापणीचे सौंदर्यशस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञासही ओळखीचे वाटेल. रुग्णास आधी स्नेहन करावे. भुवईखालील दोन भाग आणि पक्ष्मांलगतचा एक भाग सोडून मधल्या जागी, कनीनक आणि अपांग या दोन्ही कोपऱ्यांशी समान राहील असा, जवाच्या दाण्याच्या आकाराचा आडवा छेद घेऊन तेवढी त्वचा काढावी. जखम केसाने शिवावी, मध व तूप लावावे, कपाळावर पट्ट बांधून त्यास ते केस जोडून ठेवावेत आणि जखम भरल्यावर टाके काढावेत. याने न साधल्यास अग्नी किंवा क्षार यांचा विचार सांगितला आहे.

यातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे छेदाची जागा. आजही वरच्या पापणीवरील छेद पक्ष्मांपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर वर, नैसर्गिक घडीत घेतात. काढावयाची त्वचा मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांस निमुळती, म्हणजे यवाकृतीच असते. दुसरी म्हणजे 'किती सोडावे' याची चिंता. किती काढावे यापेक्षा किती राखावे हे सुश्रुताने आधी सांगितले आहे. आधुनिक शस्त्रवैद्यही भुवईपासून पक्ष्मांपर्यंत सुमारे २० मिलिमीटर त्वचा शिल्लक राहील याची काळजी घेतात. कारण त्याहून कमी राहिल्यास डोळा पूर्ण मिटत नाही.

मात्र या साम्यावरून चुकीचा निष्कर्ष काढू नये. सुश्रुताचा हेतू दृष्टिरक्षणाचा होता, रूपसुधारणेचा नव्हता. एकेकाळी आत वळलेल्या पापण्यांचे एक मोठे कारण खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, हे होते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून ट्रॅकोमाचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. त्या व्याधीची छाया सरली आणि आयुर्मान वाढले. त्यामुळे त्याच जागेवरील छेद आता बहुतांशी वार्धक्यासाठी घेतला जातो.

महाराष्ट्राचा वाटा

पुनर्रचनेच्या शस्त्रकर्मांचा आधुनिक इतिहास महाराष्ट्राच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत असताना कापले गेले होते. पुण्याजवळ एका कुंभाराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक तयार केले. याचे सचित्र वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापले गेले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तसे शस्त्रकर्म केले. पुढे जर्मनीतील कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने नासिकापुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला आणि १८१८ च्या सुमारास 'ब्लेफरोप्लास्टी' हा शब्द रूढ केला. त्या वेळी त्याचा अर्थ कर्करोगामुळे गमावलेली पापणी पुन्हा घडविणे असा होता. सैल त्वचा काढण्यासाठी तो शब्द पुढे वापरात आला. पापणीतील मेदाचे कप्पे कास्तान्यारेस यांनी १९५१ मध्ये स्पष्ट केले आणि आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला.

आपल्या विदर्भापुरते सांगावयाचे तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. देशातील अगदी आरंभीच्या अशा विभागांत त्याची गणना होते.

विकृती नेमकी कोठे असते

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. तिच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्यामागे डोळ्याच्या खोबणीतील मेद असतो. वरच्या पापणीत मेदाचे दोन आणि खालच्या पापणीत तीन कप्पे असतात. वरच्या पापणीत बाहेरच्या बाजूस मेदाऐवजी अश्रुग्रंथी असते. वय वाढते तशी त्वचा सैल होते, पडदा दुबळा होतो आणि मेद पुढे येतो. खालच्या पापणीतील पिशव्या म्हणजे बहुधा हाच पुढे आलेला मेद. तो बाहेरून चोळून विरघळत नाही, हे औषधविक्रेत्यांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

'पापणी खाली आली' या एकाच तक्रारीमागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात. एक, पापणीची त्वचाच अतिरिक्त असणे. दोन, पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याची कंडरा दुबळी होऊन पापणीची कडाच खाली येणे. तीन, भुवई खाली घसरणे. पहिलीत त्वचा काढून उपयोग होतो. दुसरीत केवळ त्वचा काढली तर पापणी होती तशीच राहते. तिसरीत फक्त पापणीची त्वचा काढल्यास भुवई आणखी खाली ओढली जाते. तपासणी सोपी आहे. रुग्णास समोर पाहावयास सांगून पापणीची कडा कृष्णमंडलाचा किती भाग झाकते ते पाहावे. सामान्यतः ती वरचा एक ते दोन मिलिमीटर भाग झाकते. नंतर बोटाने सैल त्वचा हळूच वर उचलून कडा कोठे आहे ते पुन्हा पाहावे.

जे वार्धक्य नाही ते आधी ओळखावे

आपणा वैद्यांची खरी जबाबदारी येथे आहे. पुढील लक्षणांत सौंदर्याचा प्रश्न बाजूस ठेवून रुग्णास त्वरित योग्य ठिकाणी पाठवावे.

१. दोन्ही पापण्या काही तासांत जड होणे: आपल्या भागात शेतात राबणाऱ्या किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसात हे दिसल्यास प्रथम सर्पदंशाचा संशय घ्यावा. मण्यार व नाग यांच्या विषाने स्नायूंचा घात होतो आणि पापण्या मिटू लागणे हे त्याचे आरंभीचे चिन्ह असते. मण्यारीचा दंश अनेकदा दिसत नाही, दुखतही नाही. अशा रुग्णास काढा, अंजन किंवा बिब्बा देण्यात एक क्षणही न घालविता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात हलवावे.

२. एका बाजूची पापणी अचानक मिटणे: सोबत तीव्र डोकेदुखी, दुहेरी दिसणे किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी असल्यास मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. ही आणीबाणी आहे.

३. सकाळी बरी व संध्याकाळी खाली येणारी पापणी: स्नायूंच्या दौर्बल्याचा मायस्थेनिया हा रोग पाहावा. गिळण्यास वा श्वासास त्रास असल्यास विलंब करू नये.

४. सकाळी फुगणाऱ्या पापण्या: वृक्कांचे विकार, थायरॉइड आणि ॲलर्जी यांचा विचार करावा. मूत्रपरीक्षण व रक्तदाब पाहिल्याशिवाय 'डोळ्यांखालच्या पिशव्या' असे निदान करू नये. डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे आणि पापणी वर ओढलेली असणे ही थायरॉइडची खूण असू शकते.

५. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर चट्टे: रक्तातील मेद तपासून घ्यावा.

६. वृद्धाच्या पापणीवर त्याच जागी पुनःपुन्हा उठणारी गाठ: तिला लगण किंवा अंजननामिका समजून वारंवार लेखन, भेदन वा शेक करीत राहू नये. पक्ष्म गळत असतील किंवा जखम भरत नसेल तर पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोग असू शकतो. तुकडा काढून तपासणी आवश्यक ठरते.

शस्त्रकर्म कसे होते

वरच्या पापणीचे शस्त्रकर्म बहुधा स्थानिक भूल देऊन होते. रुग्ण बसलेला असताना छेदाच्या खुणा करतात. कारण आडवे झाल्यावर त्वचा मागे सरकते आणि अंदाज चुकतो. चिमट्याने सैल त्वचा धरून डोळा सहज मिटतो ना, हे पाहिल्यावरच रुंदी ठरते. आवश्यक तेवढी त्वचा आणि क्वचित थोडा मेद काढून बारीक टाके घालतात. टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. सूज व काळे-निळेपण एक ते दोन आठवडे राहते. व्रणरेषा पूर्णपणे विझण्यास काही महिने लागतात.

खालच्या पापणीत दोन मार्ग आहेत: पक्ष्मांखालून त्वचेत छेद घेणे, किंवा पापणीच्या आतल्या बाजूने जाणे. त्वचा फार सैल नसून केवळ मेद पुढे आला असेल तर आतला मार्ग पुरतो व बाहेर व्रण दिसत नाही. पूर्वी मेद मोकळ्या हाताने काढून टाकत. त्यामुळे काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसत. आता शक्य तेथे तो जपून खळग्यात पसरवितात. खालची पापणी मुळात ढिली असेल तर तिला बाहेरच्या कोपऱ्यात आधार द्यावा लागतो. नाहीतर ती बाहेर उलटते. पापणी बोटाने खाली ओढून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत् बसते की नाही, एवढी साधी परीक्षा आपणही करू शकतो.

धोके आणि पहिली रात्र

कोरडेपणा, डोळा अपुरा मिटणे, दोन डोळ्यांत फरक राहणे आणि पापणी उलटणे हे उपद्रव संभवतात. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यास शस्त्रकर्मानंतर अधिक त्रास होतो. म्हणून अश्रूंचे परीक्षण आधी करवून घ्यावे. सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव. मोठ्या पाहण्यांनुसार तो सुमारे दोन हजारांत एकास होतो. कायमची दृष्टिहानी त्याहून बरीच विरळ आहे. पण झाल्यास दाब सोडविण्यासाठी हाती दीड-दोन तासच असतात. वाढती तीव्र वेदना, डोळा पुढे येऊन कठीण होणे व दिसणे कमी होणे ही त्याची लक्षणे होत. वेदनाशामक देऊन "सकाळी पाहू" असे म्हणण्याची ही वेळ नव्हे.

हा धोका बहुतेककरून पहिल्या चोवीस तासांत असतो. अकोला किंवा अमरावतीस सकाळी शस्त्रकर्म करवून संध्याकाळच्या एस.टी.ने तेल्हाऱ्यास परतण्याचा बेत रुग्ण सहज करतो. रात्री डोळा दुखू लागल्यास वाहन मिळवून पुन्हा अकोला गाठेपर्यंत तो मोलाचा अवधी संपून जातो. म्हणून पहिली रात्र सोबत्यासह रुग्णालयाच्या गावीच काढावी, असा आग्रह आम्ही धरतो व आपणही धरावा.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत. हृदयरोगतज्ज्ञ व शस्त्रवैद्य यांनी मिळून ठरवावे. आपल्याकडील गुग्गुळकल्प, लसणाचे योग, हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या इत्यादी जे काही रुग्ण घेत असेल त्याची लेखी यादी शस्त्रवैद्याकडे पाठवावी. "आयुर्वेदिक आहे, सांगण्याची गरज नाही" हा समज रुग्णाच्या हिताचा नाही. जखम पूर्ण भरून शस्त्रवैद्याने अनुमती देईपर्यंत अंजन, आश्च्योतन, तर्पण, नस्य आणि डोळ्यांभोवतीचे अभ्यंग वर्ज्य समजावे.

औषधविक्रेत्यांसाठी

डोळ्यांभोवती लावण्यासाठी मागितले जाणारे प्रत्येक मलम निरुपद्रवी नसते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टिरॉइडयुक्त मलमे पापणीवर दीर्घकाळ लावल्यास त्वचा अधिकच पातळ होते. शिवाय काचबिंदू व मोतीबिंदू यांचा धोका संभवतो. चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत. पापण्यांचे केस वाढविण्यासाठी वापरले जाणारे बायमाटोप्रॉस्ट मुळात काचबिंदूचे औषध आहे. त्याने पापणीभोवतीचा मेद कमी होऊन डोळे खोल दिसू लागतात. सुट्या स्वरूपात विकला जाणारा सुरमा शिसेयुक्त असू शकतो. तो दुकानात ठेवूच नये. डोळ्यात घालावयाचे कोणतेही औषध निर्जंतुक असावे आणि बाटली उघडल्यावर सामान्यतः महिन्याभरात टाकून द्यावी, हे ग्राहकास आवर्जून सांगावे.

जाहिरातीबाबत एक सूचना. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत नेत्रेंद्रियाचे विकार, मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व यांचा समावेश आहे. "शस्त्रक्रियेविना पापण्या पूर्ववत्" किंवा "चष्मा घालवा" असे फलक लावणाऱ्याने कारवाईचा धोका ओढवून घेतला, असेच समजावे.

कोणी करावे

केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत शल्यतंत्रातील ३९ आणि शालाक्यतंत्रातील १९ अशा ५८ शस्त्रकर्मांचा निर्देश आहे. त्यावर बराच वाद झाला. पण ती तरतूद त्या दोन विषयांतील पदव्युत्तर शिक्षणापुरती आहे. केवळ पदवीच्या बळावर वा चार दिवसांच्या शिबिरातील प्रमाणपत्रावर पापणीस शस्त्र लावण्याची मुभा तीतून मिळत नाही. सुश्रुतानेही वैद्यास व्यवसायात उतरण्यापूर्वी शास्त्राचे अध्ययन, कर्मदर्शन, योग्या म्हणजे प्रत्यक्ष सराव, आणि राजाची अनुज्ञा या अटी घातल्या आहेत. आजची नोंदणी व परवाना म्हणजे तीच राजानुज्ञा होय.

आपले कार्यक्षेत्र

मग आपण काय करावे? निदानाचा विवेक हे आपले पहिले काम. अकालकृत जरा लांबविणे हे दुसरे. शेतात जाताना डोक्यास दुपट्टा व डोळ्यांस गडद चष्मा, डोळे चोळण्याची सवय मोडणे, जुनाट कंडाची वेळीच चिकित्सा, तंबाखू व विडीचा त्याग, पुरेशी झोप, तसेच दिनचर्येतील पादाभ्यंग व चक्षुष्य आहार यांचा उपदेश आपण अधिकाराने करू शकतो. मात्र वाढलेली त्वचा व पुढे आलेला मेद औषधाने मागे जात नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. असे सांगितल्याने आपले शास्त्र उणे ठरत नाही. शस्त्रसाध्य ते शस्त्रानेच साधावे हा त्याचाच दंडक आहे.

शस्त्रकर्माचा विचार कोणी करावा, यासाठी रुग्णास तीन प्रश्न विचारावेत: सैल त्वचेमुळे वर किंवा बाजूस दिसण्यास अडथळा होतो काय? कोरडेपणा, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड हे नियंत्रणात आहेत काय? आणि ही इच्छा त्याची स्वतःची आहे की घरच्यांची? दृष्टीस अडथळा असल्यास दृष्टिक्षेत्राची तपासणी करवून घ्यावी. विमा कंपन्या निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च साधारणतः देत नाहीत, परंतु दृष्टिबाधेची लेखी नोंद असल्यास विचार होऊ शकतो. केवळ रूपासाठी येणाऱ्यासही हसण्यावारी नेऊ नये. मात्र कर्ज काढून किंवा शेतीचा पैसा मोडून हे करण्याजोगे कर्म नाही, हे वडीलधाऱ्याच्या नात्याने त्यास सांगावे.

डोळा हा जपून हाताळावयाचा अवयव. रुग्ण आपल्या दारी प्रथम येतो, कारण त्याचा आपणावर विश्वास असतो. त्याची पापणी सैल आहे की आजारी आहे, हे ओळखून त्यास योग्य वेळी योग्य हाती सोपविणे, ही त्या विश्वासाची परतफेड होय.